सव्वीस हजार चारशे रुपये आणि पाच जिवंत काडतुसं

शस्त्रांच्या दुकानात माझ्या रिव्हॉल्वरच्या दुरुस्तीच्या नावाखाली फसलो, त्याची रक्कम आधी सांगतो. तपासणी १,५०० रुपये. आतला पॉल, म्हणजे सिलिंडर फिरवणारा दात, आणि स्प्रिंग ११,८००. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटणारी सुई, ४,२००. ब्लूइंग, म्हणजे गंजापासून वाचवणारा काळानिळा थर, ६,५००. टेस्ट फायर २,४००. एकूण २६,४००. त्यातले १५,००० आगाऊ आणि ११,४०० हत्यार ताब्यात घेताना, सगळे रोख. वर माझी पाच जिवंत काडतुसं. पैसे गेले ते एकवेळ गिळीन. पण ती काडतुसं माझ्या लायसन्सवर चढलेली आहेत आणि आज ती कुणाच्या हातात आहेत हे मला माहीत नाही. झोप उडालीय ती त्यामुळे.

मी सराफ आहे. कसोटीवर एक रेघ ओढून समोरच्याचं सोनं किती खरं ते सांगण्यात आयुष्य गेलं. असा माणूस एका मिस्त्रीच्या अंगठ्याला फसला, हे लिहितानाही कान तापतात. तरी लिहितोय, कारण माझ्यासारखी वर्षानुवर्षं तिजोरीत पडलेली लायसन्सची हत्यारं महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि ती पुन्हा बाहेर काढणारा प्रत्येक जण याच दुकानांच्या पायऱ्या चढणार आहे.

माझी रिव्हॉल्वर कानपूरची, .३२ ची, फिरत्या सिलिंडरमध्ये गोळ्यांची सहा घरं असलेली, खटका दाबला की नळी पुढे वाकून उघडणारी. लायसन्स २००३ चं. तेव्हा माल आणायला मी स्वतः एसटीनं जायचो. पुढे माल घरपोच यायला लागला आणि २०१६ नंतर मी ती एकदाही चालवली नाही. जाड ग्रीस थापलं, चामड्याच्या होल्स्टरमध्ये घातली, तिजोरीत ठेवली. ग्रीस लावलंय म्हणजे काळजी घेतली, असंच मला वाटायचं आणि तसंच कुणालाही वाटेल. चामडं ओल धरून ठेवतं, त्यात कमावताना वापरलेले क्षार असतात आणि होल्स्टर जिथे घट्ट बसतं तिथेच गंज धरतो, हे मला विकत घेताना कुणी सांगितलं नाही. होल्स्टर बाळगण्यासाठी असतं, साठवण्यासाठी नाही. आजच्या आज बाहेर काढा.

दर निवडणुकीला होल्स्टरसकट पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की होल्स्टरसकट परत. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी जमा करताना हवालदारानं रिकामी आहे का बघायला खटका दाबला, तर ती उघडेचना. दोघांनी जोर लावला तेव्हा उघडली. डिसेंबरात परत मिळाली. २०२५ मध्ये नूतनीकरण होतं, त्यात पुन्हा स्वतः माल आणायला जायचं घाटत होतं. म्हटलं, एकदा नीट तपासून घ्यावी. यात माझं काय चुकलं? घरी बसून खटपट न करता परवानाधारक दुकानात गेलो, कारण कायदाच तसा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार विक्रीला जसं लायसन्स लागतं तसं दुरुस्तीलाही लागतं. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं लायसन्स मी पाहिलं. त्यात ‘दुरुस्ती’ हा शब्द आहे का, एवढं मात्र वाचलं नाही. तुम्ही वाचा. काउंटरवर उभं राहून, शब्द न शब्द वाचा.

आता तो क्षण. हजार वेळा डोळ्यासमोरून गेलाय.

मिस्त्रीनं आधी नळीत टॉर्च मारला आणि म्हणाला, “शेठ, खड्डे पडलेत.” मी डोळा लावला, आत खरंच काळपट ठिपके दिसले. मग त्यानं रिव्हॉल्वर मिटली, उजव्या हाताच्या बोटानं घोडा, म्हणजे मागचा ठोकणारा भाग, अगदी हळू, अगदी हळू मागे ओढला आणि घोडा अडकला तरी सिलिंडर जागेवर येऊन बसला नाही. थोडा अलीकडेच थांबला. “बघा. टायमिंग गेलंय. गोळी नळीसमोर येणारच नाही, तिरकी सुटेल, तुमचाच हात जाईल.” मी घाबरलो. रिव्हॉल्वरचं टायमिंग म्हणजे काय ते मला माहीत आहे, म्हणूनच घाबरलो. अडाणी असतो तर घाबरलो नसतो.

त्याच्या डाव्या हाताचा अंगठा सिलिंडरवर टेकलेला होता.

मी तो पाहिला होता. डोळ्यांनी पाहिला होता. ग्रीसच्या डागाचा जाड अंगठा, सिलिंडरच्या बरोबर खाचेवर. आतलं ग्रीस वाळून चिकट झालेलं, त्यावर बाहेरून अंगठ्याचा दाब. कुठलाही सिलिंडर अलीकडेच थांबेल. कोरी करकरीत रिव्हॉल्वर दिली असती तरी त्यानं तिचंही टायमिंग गेलंय म्हणून दाखवलं असतं. “अंगठा काढ आणि पुन्हा ओढ,” एवढे पाच शब्द. तराजूच्या काट्यावर कुणाचं बोट टेकलंय का हे बघण्यात माझा जन्म गेला आणि इथे मला ते पाच शब्द सुचले नाहीत. मालक गल्ल्यावरून बोलत होता, चहा आला होता, मिस्त्री हात कसा जाईल ते सांगत होता. हे सगळं एकाच वेळी का चाललं होतं ते आता कळतं.

म्हणून सांगतो, ही तपासणी दुसऱ्याच्या हातात देऊच नका. आधी उघडा, सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा आणि बोटानं चाचपा. तोंड सुरक्षित दिशेला. मग स्वतःच्या हातानं, सिलिंडरला स्पर्श न करता, घोडा हळू मागे घ्या आणि सहाही घरांवर सिलिंडर अडकतो का बघा. वाळकं ग्रीस असेल तर आधी साफसफाई, मग निदान. दुकानदार उलटं सांगेल.

पैसे दिले. पावती मागितली तर “काम झाल्यावर पक्कं बिल देतो”. हत्यार ठेवून घेतल्याची नोंद एका वहीत, माझी सही घेऊन. त्या वहीच्या पानाचा फोटो मी काढला नाही. वर म्हणाला, टेस्ट फायरला पाच काडतुसं लागतील, तुमचीच द्या, आमच्या स्टॉकची दिली तर हिशेब लागत नाही. त्याच्या हिशेबाची काळजी मी केली, माझ्या हिशेबाची केली नाही. हत्याराबरोबर काडतुसं कधीही, कुणालाही, लेखी नोंदीशिवाय देऊ नका.

अठरा दिवसांनी परत मिळाली. काळीनिळी, चकचकीत. पाच रिकाम्या पुंगळ्या पुडीत बांधून दिल्या, “ही घ्या खूण”. बिलाचं “जीएसटीचं साॅफ्टवेअर बंद आहे” झालं. ११,४०० मोजून घरी आलो, कपाटात ठेवली. तिथं पावसाळा गेला.

पावसाळ्यानंतर एका रायफल क्लबच्या रेंजवर रीतसर परवानगीनं घेऊन गेलो. तिथे सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, म्हणून नोकरी केलेले एक सुभेदार येतात. त्यांनी आधी ती रिकामी असल्याची स्वतः खात्री केली, माझ्या शब्दावर विसंबले नाहीत. मग चष्मा वर केला आणि म्हणाले, “हिचं आतलं काम केलं म्हणताय? ही उघडलीच नाही कुणी.”

स्क्रू. सगळे स्क्रू जुन्या वाळलेल्या ग्रीसनं भरलेले, खाचेत स्क्रूड्रायव्हर गेल्याची एक रेघ नाही. आतला पॉल बदलायचा तर ते स्क्रू फिरवावेच लागतात. ११,८०० आणि ४,२०० तिथेच संपले. त्यांनी तेलाचं फडकं फिरवलं, तर ६,५०० चं ब्लूइंग फडक्यावर उतरलं. बाटलीतलं थंड ब्लूइंग गंजावरच पुसलं होतं. नळीच्या तोंडाशी, जिथे होल्स्टर टेकायचं, तिथला गंज त्या रंगाखाली पावसाळाभर खात बसला होता. आता तिथे खरे खड्डे आहेत, बोटाला लागतात. आत नळीत मात्र खड्डे नव्हतेच, वाळलेलं ग्रीस आणि जुनं शिसं होतं.

आणि टेस्ट फायर? सिलिंडरच्या सहाही घरांत जुन्या ग्रीसचा पिवळा पापुद्रा जसाच्या तसा. एक जरी गोळी सुटली असती तरी त्या घरात तो राहिला नसता. पुंगळ्या आतून हिरवट, कधीकाळच्या. पिनचा ठसा मधोमध नाही, एका बाजूला. सुभेदारांनी माझ्याच हातून साफसफाई करवून घेतली. पितळी ब्रश मागून पुढे, मग विरघळवणारं तेल, मग कोरडी फडकी, पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत. कमी पडत गेलेली फडकी सोडली तर खर्च ७८० रुपये. सिलिंडर सहाही घरांवर खटकन बसायला लागला. नळी मिटलेली धरून सांधा हलवून पाहिला, हलत नाही. उजेडासमोर धरून नळी आरपार मोकळी आहे हे पाहिलं. मग एकेक करत दोन गोळ्या चालवल्या. माझ्या हत्याराचा ठसा बरोबर मधोमध. त्या पाच पुंगळ्या माझ्या रिव्हॉल्वरमधून सुटलेल्याच नाहीत.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते इथेच सांगून टाकतो, नाहीतर राहील. बार नेहमीपेक्षा दबका वाजला तर पुढचा चाप ओढायचा नाही. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी सोडली तर नळी फाटते. चाप ओढून बार झालाच नाही तर तोंड निशाणाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं. हिरवी पडलेली जुनी काडतुसं चालवायचीच नाहीत. काडतुसांना तेल लागू द्यायचं नाही, तेल आत झिरपलं तर ती पेटेनाशी होऊ शकतात.

आता पोलीस ठाणं. लेखी अर्ज घेऊन गेलो. ठाणे अंमलदारानं अर्ज अर्धा वाचला, “हा दिवाणी मामला आहे शेठ, ग्राहक मंचात जा.” मी म्हटलं, न केलेल्या कामाचे पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? तेव्हा त्यानं उरलेला अर्ज वाचला, काडतुसांपर्यंत आला आणि खुर्ची पुढे ओढली. “काडतुसं दिलीत कशाला? नोंद कुठाय? हे तुमच्याच अंगावर येईल.” म्हणजे काडतुसं ज्यानं घेतली तो दुकानात बसलाय आणि ज्याची गेली तो स्वतःच्या पायानं सांगायला आलाय, तर चौकशी कुणाची? सांगायला आलेल्याची. दोन तास बसवून माझा जबाब घेतला. दुकानात आजपर्यंत कुणी गेलेलं नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयात गृह शाखेच्या तीन खेपा. पहिल्यांदा साहेब व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये होते. दुसऱ्यांदा टेबल बदललं होतं, नव्या कारकुनाला फाइल सापडेना. तिसऱ्यांदा सांगितलं, दुकानाची तपासणी पोलीस करतात. पोलीस म्हणतात, लायसन्स ज्यांनी दिलं त्यांना विचारा. माझ्या लायसन्सचा एक कागद कमी असला तर हीच माणसं नूतनीकरण महिनोन् महिने अडवतात, माझ्या हत्याराचा नंबर भिंग लावून वाचतात. मग शस्त्रांच्या दुकानात दुरुस्तीच्या नावाखाली काय चालतं हे बघायला एक माणूस, एक दिवस नाही? त्या दुकानाच्या लायसन्सवर दुरुस्ती आहे का, एवढंच माहितीच्या अधिकारात विचारलं. उत्तर आलं, माहिती त्रयस्थ व्यक्तीची आहे, देता येत नाही. सरकारनं दिलेलं लायसन्स, दुकानाच्या भिंतीवर टांगलेलं, ते त्रयस्थाचं गुपित!

मी थांबलेलो नाही. पोलीस अधीक्षकांना अर्ज पोस्टानं पाठवला, पोच जपून ठेवली. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पक्कं बिल नाही म्हणून वकील नाक मुरडत होते, पण १५,००० देऊन आल्यावर दुकानाच्या नंबरवरून “अॅडव्हान्स मिळाला” असा मेसेज आला होता, तो निघाला. तुम्ही रोख देऊ नका. देण्याआधी प्रत्येक स्क्रूचा, नंबरचा, नळीच्या तोंडाचा फोटो काढा. नंबरवर पॉलिश मारू देऊ नका, खोडलेला नंबर हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ खाली वेगळाच गुन्हा आहे आणि तो तुमच्या हातात सापडेल. बदललेला जुना भाग परत मागा. मी मागितला असता तर मिस्त्री काय देणार होता?

रिव्हॉल्वर आता तेलाच्या फडक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह तिजोरीत आहे, होल्स्टर शेजारी वेगळं. त्या पाच पुंगळ्या पाकिटात बंद करून, वर तारीख आणि सुभेदारांची सही घेऊन ठेवल्यात. नूतनीकरणाचा अर्ज अडकलाय. शेरा असा आहे: ‘पाच काडतुसांचा हिशेब सादर करावा.’