कंबोडियातल्या काम्पोटमध्ये चौदा महिने राहून झाल्यावर

घर बघायला जाल तेव्हा संध्याकाळीच जा, हे सगळ्यात आधी सांगतो. आम्ही पहिलं घर भर दुपारी बघितलं, दोन खोल्या, अंगणात आंब्याचं झाड, नदी पाच मिनिटांवर, लगेच हो म्हटलं. संध्याकाळी सामान टाकून बसलो तर शेजारच्या बिनखिडक्यांच्या उंच काँक्रीटच्या इमारतीतून चिवचिवाट सुरू झाला, म्हणजे स्पीकरवर लावलेला रेकॉर्डेड चिवचिवाट. पाकोळ्यांसारखे पक्षी आत येऊन घरटी करावीत म्हणून तो लावतात, ती घरटी चीनमध्ये खातात, त्यांना तिथे प्रचंड भाव आहे आणि काम्पोटमध्ये अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. दिवसभर चालतो आणि तिन्हीसांजेला पक्षी परतायच्या वेळी आवाज आणखी वाढतो. महिनाभर काढला आणि घर बदललं, डिपॉझिट गेलं.

तर आम्ही म्हणजे मी आणि बायको, माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होतं, हिनं नोकरीतून दोन वर्षांची सुट्टी घेतलीय. काम्पोट कंबोडियाच्या दक्षिणेला आहे, राजधानी नॉम पेन्हपासून साधारण दीडशे किलोमीटर, व्हॅननं तीन तास धरा. गाव नदीवर आहे, समुद्र तिथून जवळच, त्यामुळे नदीला भरती-ओहोटी असते आणि पलीकडे बोकोरचा डोंगर, हजार मीटरच्या वर. सूर्य त्याच्यामागेच मावळतो. आणि बरोबर त्याच वेळी मच्छीमारांच्या लाकडी होड्या एकामागे एक जुन्या पुलाखालून समुद्राकडे निघतात, ढुगढुग ढुगढुग करत, प्रत्येकीवर एक हिरवा नाहीतर पांढरा दिवा. चौदा महिन्यांत मी हे शेकडो वेळा बघितलंय आणि अजूनही काम बंद करून बघायला जातो. पूल फ्रेंचांच्या काळातला, युद्धात तुटला, मग मिळेल तसा तुकड्या-तुकड्यांनी जोडला, म्हणून त्याचा प्रत्येक भाग वेगळ्याच बांधणीचा दिसतो.

खर्चाचं म्हणाल तर आत्ताचं घर महिना अडीचशे डॉलर, वीज-पाणी वेगळं. व्यवहार डॉलरमध्ये आणि रिएलमध्ये दोन्हीत चालतात, एक डॉलर म्हणजे साधारण चार हजार रिएल, सुट्टे रिएलमध्येच परत मिळतात. नोट जराशी जरी फाटलेली असली तरी डॉलर कुणी घेत नाही, त्यामुळे तुमच्याकडे कुणी फाटकी नोट सरकवली तर तिथेच परत करा. इंटरनेट फायबर आहे, माझे कॉल्स नीट होतात, एप्रिल-मेच्या उकाड्यात वीज जाते म्हणून एक छोटी बॅटरी घेऊन ठेवलीय.

व्हिसाबद्दल नीट वाचा. येताना ऑर्डिनरी व्हिसा घ्या, म्हणजे ई टाइपचा, टुरिस्टवाला नको, कारण टुरिस्टवाला एकदाच महिनाभर वाढतो आणि ई टाइप इथे बसून सहा महिने, वर्षभर वाढवता येतो. त्यासाठी घरमालकानं तुमची परदेशी नागरिक म्हणून सरकारी ॲपवर नोंद केलेली असावी लागते, भाडं ठरवताना हे आधी विचारून घ्या. आमचा पहिला एजंट पासपोर्ट घेऊन बसला, आज देतो उद्या देतो, शेवटी मुदत उलटून नऊ दिवस झाले आणि दिवसाला दहा डॉलर दराने दंड आम्हीच भरला, दोघांचा मिळून एकशे ऐंशी. तेव्हापासून मुदत संपायच्या महिनाभर आधी पासपोर्ट देतो आणि पावतीवर तारीख लिहून घेतो.

आता दवाखान्याचं. ताप-सर्दीला गाव पुरेसं आहे, त्यापुढचं काहीही असलं तर नॉम पेन्ह. मार्चमध्ये हिला गल्लीत कुत्रा चावला, पोटरीला दोन दात लागले. समोरच्या आजींनी धावत येऊन तिला नळाखाली बसवलं आणि साबणानं जखम धूत राहिल्या, मी घड्याळ लावलं होतं, पंधरा मिनिटं सोडलं नाही, मग टॅक्सी करून थेट नॉम पेन्हला पाश्चर इन्स्टिट्यूटच्या रेबीज केंद्रात. तिथे आठवड्याभरात तीनदा जावं लागलं, शून्य, तीन आणि सातव्या दिवशी. हा आठवड्याचा छोटा कोर्स तिथल्याच अभ्यासातून पुढे आला आणि 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनं स्वीकारला, पूर्वी महिनाभर चकरा लागायच्या. माझा आग्रहाचा सल्ला, भारतातून निघायच्या आधीच रेबीजची लस घेऊन या आणि नॉम पेन्हला, गरज पडली तर बँकॉकला हलवायचा खर्च देणारा विमा घ्या. डेंग्यूपण आहे, मच्छरदाणी लावाच.

जेवण. मी आगरी, मला मासळी मिळाली की झालं, आणि इथे सकाळी बाजारात कोळंबी, खेकडे, माकुल सगळं ताजं असतं. हिचं सोमवारी आणि चतुर्थीला अवघड जायचं, कारण भाजीतसुद्धा फिश सॉस नाहीतर प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या माशाचा गोळा, पडतोच. ‘कोम दाक’ म्हणजे घालू नका, हे दोन शब्द तिनं पहिल्या आठवड्यात पाठ केले. डाळी, पोहे, हिंग नॉम पेन्हहून आणतो. काम्पोटची मिरी मात्र जगात नाव काढलेली आहे, 2010 साली तिला जीआय टॅग मिळाला, 2016 साली युरोपातही, आणि हिरव्या मिरीचे अख्खे घोस खेकड्यात टाकून शिजवतात. हिनं तेच घोस लिंबाच्या रसात आणि मिठात मुरवून लोणचं घातलं, गल्लीत वाटलं, आता दर सीझनला मागणी असते.

मला या गावाशी बांधलं ते मिठानं. गावाबाहेर मिठागरं आहेत, जानेवारी ते एप्रिल काम चालतं. पहिल्यांदा तिकडे स्कूटर घेऊन गेलो आणि रस्त्यातच थांबलो, कारण ते अगदी आमचं उरण होतं, माझ्या आजोबांचं उरण, ते सगळं बंदर आणि गोदामं व्हायच्या आधीचं. तेच चौकोनी वाफे, तीच लाकडी फळी, मीठ ओढून लावलेले छोटे छोटे ढीग आणि खांद्यावर कावड घेऊन बांधावरून लगबगीनं चालणाऱ्या बायका. एका म्हाताऱ्या काकांच्या टाचा बघितल्या, भेगांत मीठ बसून पांढऱ्या पडलेल्या, आजोबांच्या अशाच होत्या, रात्री आजी त्यांना खोबरेल लावायची. मला त्या काकांना सांगायचं होतं की माझे आजोबापण हेच करायचे, आणि माझ्याकडे एकही शब्द नव्हता. फोनवरच्या ट्रान्सलेटरनं काहीतरी भलतंच बोलून दाखवलं, ते नुसते हसले आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवसापासून ख्मेरची शिकवणी लावली. तोपर्यंत पाच महिने आम्ही नदीकाठच्या कॅफेंमध्ये बाकीच्या परदेशी लोकांबरोबरच बसत होतो, माणसं चांगली, पण दर दोन महिन्यांनी निम्मी निघून जातात आणि पावसाळ्यात तर तिथे कुणी नसतं, हिला फार एकटं वाटायचं. भाषा शिकायला घेतल्यावर दिवस बदलले. आपल्याला उच्चार जड जातात, पण शब्द ओळखीचे निघतात, रविवार म्हणजे ‘आतित’, आदित्यच तो, शाळेला ‘साला’, माफी मागायची तर ‘सोम तोह’ आणि त्यातला तोह म्हणजे आपला दोष. आकडे पाचाच्या हिशोबात, सहा म्हणजे ‘प्राम-मुओय’, पाच-एक. आणि नावानं हाक मारत नाहीत, आपल्यासारखंच नातं लावतात, मोठ्या भावाबहिणीच्या वयाच्यांना बोंग, मावशीच्या वयाच्या बाईला मिंग, आजीला याय. समोरच्या आजींना याय म्हणायला लागल्यापासून त्या आम्हाला विचारल्याशिवाय बाजाराला जात नाहीत.

गैरसोयी आहेतच. लग्न असलं की मांडव अर्ध्या रस्त्यात आणि लाउडस्पीकर पहाटे पाचपासून, मयतालासुद्धा. बोकोरवर ढग अडतात म्हणून ऑगस्टमध्ये पाऊस कोकणासारखाच कोसळतो, चपलांना, पट्ट्याला, पासपोर्टच्या कव्हरला बुरशी येते, आणि भरती असली तर गटारांचं पाणी ओसरत नाही, गल्लीत घोटाभर साचतं. म्हणून वर्षाचा करार करायच्या आधी पावसाळ्यात दोन आठवडे राहून बघा. डिसेंबरात हे गाव कुणालाही आवडेल.

आम्ही करार वर्षभरानं वाढवलाय. जानेवारीत मीठ सुरू झाल्यावर परत त्या बांधावर गेलो होतो, काका होते. ‘माझे ता हेच काम करायचे’ एवढं वाक्य बोललो, ता म्हणजे आजोबा. त्यांनी कावड खाली ठेवली आणि माझे तळहात हातात घेऊन उलटसुलट बघितले, मग विचारलं, तुमच्याकडे पाऊस कधी लागतो.