धाकटीचं बाळंतपण आणि ओपीडीच्या टोकाची ती खोली

माझ्या धाकट्या बहिणीला सातवा लागल्यावर तिचं नाव मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात घातलं. त्याआधी ती एका खासगी दवाखान्यात जायची. तिथं दंडावरचा डाग बघून "काय झालं?" असं विचारलं होतं, पण नवरा शेजारीच बसलेला. ती म्हणाली, मोरीत घसरले.

पालिकेत बीपीचा पट्टा बांधायला बाही वर सारताना सिस्टर थांबल्या. "वजन करायचंय, पुरुषांनी बाहेर थांबा," एवढंच म्हणाल्या. दार लोटलं आणि हळूच विचारलं, "घरी कुणी मारतं का गं?" ती रडायलाच लागली. सिस्टरनी हाताला धरून तिला ओपीडीच्या टोकाच्या खोलीत, समुपदेशक मॅडमकडे नेलं. अशा खोल्यांची सुरुवात २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात झाली. महापालिका आणि आरोग्यावर काम करणाऱ्या 'सेहत' संस्थेनं मिळून घरी मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी तिथं 'दिलासा' केंद्र काढलं होतं. चाळीस वर्षं मुंबईत राहून मला याचा पत्ता नव्हता, याचं फार वाईट वाटतं.

पुढच्या खेपेपासून मी सोबत जायला लागले. "नवऱ्याला सोड" असं मॅडम कधी म्हणाल्या नाहीत आणि "सांभाळून घे" असंही नाही. पोटावर मारलंय का, गळा कधी दाबलाय का, मोबाईल कोण तपासतं, हे मात्र नीट विचारलं. पोटावर लाथ बसली होती, म्हणून त्याच दिवशी बाळाचे ठोके आणि सोनोग्राफी झाली. कुणी, कधी, कशानं मारलं, ते डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घेतलं. आधी एका पोलीस ठाण्यातून आम्हाला "पोटुशी बाई, घरी जा, भांडणं होतातच" म्हणून परत पाठवलं होतं. तो केसपेपर घेऊन गेलो, मॅडमनी फोन केला, तेव्हा कुठं नोंद झाली.

घरी सापडेल म्हणून कागदावर काही दिलं नाही. नंबर 'गोळीवाल्या सिस्टर' या नावानं मोबाईलमध्ये ठेवायला लावला. आधार, पासबुक आणि दोन साड्यांची पिशवी शेजारच्या काकूंकडे ठेवायला सांगितली.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी भेटायला येणारी माणसं वॉर्डातून गेल्यावर मॅडम खाटेपाशी आल्या आणि विचारलं, "सव्वा महिन्यानंतर कुठं जायचंय तुला?" हा प्रश्न आमच्यात कुणीच विचारला नव्हता. बारसं उरकून सासरी पाठवायचं, असं आईनं परस्पर ठरवलं होतं. मॅडमनी आईलाही बोलावून शांतपणे ऐकून घेतलं. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्यानं घटस्फोट न घेताही मारहाणीविरुद्ध कोर्टाचा आदेश मिळतो आणि घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी त्यात राहायचा हक्क असतो, हे धाकटीला तिथंच पहिल्यांदा कळलं.

खटकलेल्या गोष्टीही लिहिते. खोलीला अर्धंच पार्टिशन आहे, बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू जातं. अशा बोलण्यासाठी हे अजिबात चालणार नाही. संध्याकाळी खोली बंद, मारहाण तर रात्रीच होते. रात्रीसाठी मॅडमनी महिला मदतीचा १८१ नंबर पाठ करून घेतला. पाटीही जिन्याआड आहे. जायचं असेल तर नेहमीचा केसपेपर काढा आणि सिस्टरला एकटं गाठा.

दोन महिन्यांनी धाकटी परत सासरी गेली. तिनं स्वतः ठरवलं. नवऱ्याला आधी मॅडमसमोर बसवलं होतं, तरी मला पटलं नव्हतं आणि अजून पटत नाही. पण म्हणून मॅडमनी तिला सोडून दिलं नाही. बाळाच्या अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशीच्या तारखांनाच त्यांनी भेट ठेवली, म्हणजे घरी वेगळं कारण सांगावं लागत नाही. कालच साडेतीन महिन्यांची लस झाली. बाळ माझ्या मांडीवर होतं, धाकटी तासभर आत बोलत होती.