ठिबकचं अनुदान तुमच्या गटावर, पाइप दुसऱ्याच्याच रानात

आटपाडीत डाळिंबाला, तासगावात द्राक्षाला, वाळवा-कराडकडे उसाला. ठिबक सगळीकडे लागतं आणि फसवणुकीची सुरुवातही सगळीकडे सारखीच असते. ठिबकचा विक्रेता म्हणतो : "तुमच्या हिश्श्याचं काही भरू नका, फक्त सातबारा, आधार आणि पासबुक द्या."

तिथंच थांबा. अल्प व अत्यल्प भूधारकाला, म्हणजे 2 हेक्टरपर्यंत, केंद्र-राज्य मिळून 80 टक्के आणि इतरांना 75 टक्के अनुदान मिळतं. तेही तुमच्या बिलावर नव्हे, शासनानं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर. उरलेले पैसे विक्रेता पदरचे घालत नाही. तो ते पाइपातून काढतो, नाहीतर पाइपच टाकत नाही.

महाडीबीटीच्या, म्हणजे अनुदानाचे अर्ज भरायच्या सरकारी संकेतस्थळाच्या, नोंदणीत तो मोबाईल नंबर स्वतःचा घालतो आणि आधारचा ओटीपी तेवढा तुम्हाला फोनवर विचारतो. त्यामुळे पूर्वसंमती, म्हणजे ठिबक बसवायला खात्याची आधीची मंजुरी, कधी निघाली याचा तुम्हाला पत्ताच लागत नाही. मोका तपासणीच्या, म्हणजे रानात येऊन संच पाहण्याच्या, दिवशी ट्रॉलीतून जुन्या लॅटरल (ओळीत अंथरायच्या नळ्या) येतात, सरीत अंथरल्या जातात, जिओ टॅगचे (जागेची नोंद असलेले) फोटो निघतात आणि संध्याकाळी सगळं गुंडाळून पुढच्या रानात जातं. अनुदान आधार जोडलेल्या खात्यातच पडतं, म्हणून सही केलेला कोरा चेक किंवा विड्रॉल स्लिप त्यानं आधीच घेतलेली असते. तेही नसेल तर 'केवायसी करायचीय' म्हणून मशीनवर अंगठा घेतो.

नुकसान पुढं कळतं. खरोखर ठिबक घ्यायला जावं तर अर्ज परत येतो, कारण एकदा लाभ घेतला की 7 वर्षं पुन्हा मिळत नाही. बिलावर आणि हमीपत्रावर सही तुमची असते, त्यामुळे वसुली निघाली तर नोटीसही तुमच्याच घरी येते. लाजेपोटी गप्प बसणारे पुष्कळ आहेत आणि तोच माणूस मग शेजारच्या गावात जातो.

माल उतरला की मोजाच. 5 फुटी सरीला एकरी साधारण 2,650 मीटर लॅटरल लागते, 9 फुटी द्राक्षाच्या ओळींना एकेरी नळी साधारण 1,475 मीटर. बिलातले मीटर आणि रानातले मीटर जुळले पाहिजेत. इनलाइन नळीवर, म्हणजे जिच्या आतच ड्रिपर बसवलेले असतात तिच्यावर, आयएस 13488 या भारतीय मानकाचा छाप हवा. तो नसेल तर सही करू नका.

आपल्या नावावर काही उचललंय का, हे घरबसल्या कळत नाही असं समजू नका. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' (आधारला जोडलेली बँक) उघडलं की अनुदान कोणत्या बँकेत जाईल ते दिसतं. आपण न उघडलेल्या खात्याची बँक दिसली, तर त्याच दिवशी आपल्या बँकेत जाऊन सीडिंग बदलून घ्या आणि आधारच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक (अंगठ्याचा ठसा) लॉक करा.

गावाची यादी मात्र मागावी लागते. खरं तर माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 प्रमाणे अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयानं स्वतःहूनच प्रसिद्ध करायचा असतो. तसं झालं नसेल तर तालुका कृषी कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्या. एकच विषय, 150 शब्दांच्या आत : गाव, वर्ष, गट क्रमांक, क्षेत्र, मंजूर रक्कम, मोका तपासणीची तारीख आणि जिओ टॅगचे फोटो. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

फोटो आवर्जून मागा. दोन वेगळ्या गटांच्या फोटोंत तीच विहीर, तोच बांध दिसला, तर तक्रारीला त्याहून मोठा पुरावा लागत नाही.