आषाढीला कोणता चित्रपट दाखवावा? दोन तुकाराम आणि एक ‘देऊळ’

आषाढी एकादशीच्या सुमारास गृहसंकुलात, वाचनालयात किंवा परदेशातील महाराष्ट्र मंडळात एखादा मराठी चित्रपट दाखवायचा असेल, तर तीन नावे विचारात घेण्याजोगी आहेत : प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६), चंद्रकांत कुलकर्णी यांचा ‘तुकाराम’ (२०१२) आणि उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ (२०११). तिघांचाही विषय श्रद्धा हाच आहे. मात्र चमत्काराकडे पाहण्याची प्रत्येकाची दृष्टी वेगळी आहे आणि निवड करताना माझ्या मते आधी तीच पाहावी.

विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’मध्ये चमत्कार हा घडलेला प्रसंग म्हणूनच येतो. नदीत बुडवलेले अभंग परत मिळतात, कीर्तनाला आलेल्या शिवाजी महाराजांवर शत्रू चालून येतो तेव्हा जिकडे पाहावे तिकडे महाराजच दिसू लागतात आणि अखेरीस तुकोबांना न्यायला वैकुंठाहून विमान उतरते. ही दृश्ये आजच्या डोळ्यांना कच्ची वाटतील, हे आयोजकांनी गृहीत धरावे. तरीही चित्रपट हास्यास्पद होत नाही, कारण दिग्दर्शकांचे जितके लक्ष विमानाकडे आहे तितकेच घरातल्या चुलीकडे आहे. गौरी यांनी उभी केलेली तुकोबांची पत्नी जिजाई आजारी मुलाला ओढत देवळात नेते आणि हातात वहाण घेऊन प्रत्यक्ष पांडुरंगाला जाब विचारते. भक्तिपटात देवाशी इतके घरगुती भांडण क्वचितच झाले असेल. नवरा नामात दंग आणि घरात दाणा नाही, ही तिची तक्रार खरी आहे, आणि चित्रपट तिला अज्ञानी ठरवून मोकळा होत नाही. तुकोबांच्या भूमिकेत, रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवून आलेल्या विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यावर आवेश जवळजवळ नाहीच. त्यांची भक्ती सांगावी लागत नाही, दिसते. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ हे पद कित्येकांनी तुकोबांचाच अभंग मानले, यावरून भाषेचा सूर किती अचूक लागला होता याची कल्पना यावी. (संतपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक मुसलमान होते, हेही कार्यक्रमाच्या प्रास्ताविकात सांगण्यासारखे आहे.) १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला होता. उणीव एकच, पण ठळक आहे : तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवणारा सालोमालो इतका उघड खलनायक आहे की तुकोबांना झालेल्या विरोधामागील सामाजिक कारणे एका माणसाच्या मत्सरात विरून जातात.

ही कसर २०१२ च्या ‘तुकाराम’मध्ये काही अंशी भरून निघते. तेथे तुकोबा पहिल्या दृश्यापासून संत नाहीत. बालपण, घरचा व्यापार, दुष्काळ आणि घरातले मृत्यू यांतून घडत जाणारा माणूस जितेंद्र जोशी यांनी समजून उभा केला आहे, आणि राधिका आपटे यांची आवली (म्हणजे जिजाईच) त्याच्या तोडीची आहे. चमत्कारांवर विश्वास नसलेल्या तरुण प्रेक्षकाला हा चित्रपट अधिक जवळचा वाटेल. पण कारणमीमांसा इतकी नीट लावली आहे की भक्तीतले गूढ थोडे कमी होते. मला तरी जुन्या चित्रपटातील वेडेपणा अधिक पटतो.

‘देऊळ’चा आषाढीशी थेट संबंध नाही, कारण त्यातील देव दत्त आहे. केशा नावाचा साधा गुराखी उन्हात हरवलेली गाय शोधता शोधता उंबराखाली झोपतो आणि त्याला दत्ताचे दर्शन घडते. हे दर्शन खरे की स्वप्न, याचा निवाडा करत बसण्याऐवजी ते दर्शन पुढे कोणाच्या हाती पडते, हे चित्रपट दाखवतो. पुढारी, बातमीदार, गावातली रिकामी पोरे असे सगळे त्यावर तुटून पडतात आणि गावाला हव्या असलेल्या रुग्णालयाऐवजी मंदिर उभे राहते. उपहास तीक्ष्ण आहे, तरी त्याचा रोख श्रद्धेवर नाही. गिरीश कुलकर्णी यांच्या केशाची श्रद्धा शेवटपर्यंत निर्मळ राहते आणि नेमकी तीच बाजारात एकटी पडते. दिलीप प्रभावळकर यांचे विचारी अण्णा आणि नाना पाटेकर यांचे पुढारी भाऊ यांच्यात सरळ काळे-पांढरे नाही, म्हणून चर्चेला भरपूर वाव राहतो. राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान या चित्रपटाने ‘ब्यारी’ या दुसऱ्या चित्रपटासोबत वाटून घेतला.

प्रेक्षकांत आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र असतील, तर प्रभातचाच चित्रपट निवडावा. मात्र कृष्णधवल चित्र आणि जुना ध्वनी यांसाठी आपली प्रत व ध्वनिवर्धक आधी तपासून घ्यावेत. महाविद्यालयीन मंडळींपुढे २०१२ चा चालेल. ‘देऊळ’ निवडल्यास त्यानंतर आरती किंवा भोजन लगेच ठेवू नये. अर्धा तास बोलण्यासाठी राखावा, कारण आपल्या गावातल्या देवळाचा विषय कोणीतरी काढणारच.