कॅम्पसचे फोटो: तीन एक्स्पोजर जोडावेत की एकच रॉ पुरे?

कॉलेजच्या माहितीपुस्तिकेसाठी कॅम्पस टिपायला निघालात की पहिल्या कमानीपाशीच पेच पडतो. आत उभं राहून बाहेरचं पटांगण घ्यावं, तर कमानीचा दगड काळाकुट्ट येतो. दगड दिसावा म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, वाढवावं, तर आकाश पांढरंफटक. यातून वाटा दोन. एक म्हणजे तेच दृश्य कमी, मध्यम आणि जास्त एक्स्पोजरनं तीनदा टिपायचं आणि घरी येऊन एचडीआर मर्ज करायचं, म्हणजे तिन्हींतले नीट उतरलेले भाग जोडून एकच फोटो करायचा. दुसरी, ढग शाबूत राहतील इतकं कमी एक्स्पोजर धरून एकच रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल, काढायची आणि सावल्या एडिटिंगमध्ये उचलायच्या. मी एकच कॅम्पस दोन्ही वाटांनी टिपला आहे. पहिल्या खेपेला सगळा ब्रॅकेटिंगनं, म्हणजे तीन-तीन एक्स्पोजर घेऊन, दुसऱ्या खेपेला बहुतेक एकेका फ्रेममध्ये.

ब्रॅकेटिंग जिथं जमतं तिथं त्याला तोड नाही, हे आधीच सांगतो. भौतिकशास्त्राच्या रिकाम्या प्रयोगशाळेत ट्रायपॉड लावून दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फ्रेम काढल्या होत्या. टेबलाखालच्या खणांच्या पितळी मुठी आणि खिडकीबाहेरची उन्हातली भिंत, दोन्ही एकाच फोटोत स्वच्छ उतरली. अंधाऱ्या कोपऱ्यातही दाणे, म्हणजे नॉइजचे ठिपके, नाहीत. एकाच रॉमधून तो कोपरा इतका निर्मळ निघाला असता असं मला वाटत नाही.

पण बाहेर पडलं की घोडं पेंड खातं. कॅम्पस एका जागी थांबत नाही. ग्रंथालयासमोर मोठं झाड होतं आणि वारा अगदी नावापुरता. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो उत्तम दिसला. घरी मर्ज करून शंभर टक्के मोठा केला, तर पानांच्या प्रत्येक कडेला राखाडी साय धरल्यासारखी. पायऱ्या उतरणाऱ्या मुलीच्या खांद्यावर बॅगेचा एक पट्टा ठळक आणि शेजारी दुसरा फिकट. तिचा मागचा पाय घोट्यापासून खाली विरघळलेला.

यावर डीघोस्टिंग, म्हणजे हललेल्या गोष्टींच्या अशा दुहेरी प्रतिमा काढणारी सोय, आहेच, आणि मी तेही मनापासून वापरून पाहिलं. पण ते काय करतं हे लक्षात आलं तेव्हा माझा निर्णय जवळजवळ झाला. हललेल्या भागापुरती सॉफ्टवेअर एकच फ्रेम निवडतं आणि बाकीच्या फ्रेम तिथं बाजूला ठेवतं. म्हणजे झाड आणि माणसं शेवटी एकाच एक्स्पोजरमधून येतात. ती फ्रेम कमी एक्स्पोजरची असेल तर तेवढ्या तुकड्यात दाणे दिसतात आणि शेजारची भिंत गुळगुळीत राहते. एकाच फोटोत दोन पोत. सगळीकडे सारखे दाणे असले तर डोळा ते स्वीकारतो, ठिगळ मात्र स्वीकारत नाही. ज्या झाडासाठी तीन फ्रेम काढल्या, त्याच झाडाला त्यांचा उपयोग नाही, ही गोष्ट मला सारखी टोचत राहिली.

मुळात ही पद्धत स्थिर दृश्यासाठीच आहे. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे साधे फोटो जोडून दृश्यातल्या उजेडाचा पूर्ण पल्ला कसा मिळवायचा, हे पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ साली मांडलं. त्या मांडणीत दृश्य हलत नाही हे गृहीतच आहे. प्रयोगशाळेत हे गृहीत टिकतं. मधल्या सुट्टीत पायऱ्यांवर कसं टिकणार?

एकाच रॉची किंमत सावलीत मोजावी लागते. उजेड दोन स्टॉपनं घटला म्हणजे चौथाई झाला, आणि दाण्यांचं प्रमाण साधारण दुप्पट जाणवायला लागतं. म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, बेसवर (मूळ आकड्यावर) ठेवायचा आणि एक्स्पोजर अंदाजानं कमी करायचं नाही. पांढरे पडलेले भाग लुकलुकवणारा हायलाइटचा इशारा चालू करून ढगांवरची लुकलुक थांबेपर्यंतच खाली यायचं. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, कॅमेऱ्यानं तयार केलेल्या जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉमध्ये त्याहून थोडी जास्त जागा सहसा शिल्लक असते. मी सुरुवातीला धास्तीनं दोन-दोन स्टॉप खाली जायचो आणि कमानीतल्या सावल्या उगाच खराब करायचो. आता बहुतेक वेळा एका स्टॉपच्या आसपास भागतं.

एडिटिंगच्या साधनांनीही पारडं बरंच हलवलं आहे. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये २०२१ साली आकाश एका क्लिकमध्ये निवडणारं मास्किंग (फोटोचा ठरावीक भाग वेगळा धरण्याची सोय) आलं आणि २०२३ साली दाणे पुसणारं एआय डीनॉइज. पूर्वी सावल्या उचलल्या की दाण्यांशी झटापट करावी लागायची. आता मी आकाशाचा मास्क उलटा करून फक्त इमारत उचलतो, मग डीनॉइज बेतानं लावतो. जास्त लावलं तर दगडाचा खडबडीतपणा जातो आणि भिंत मेणाची दिसते, एवढं सांभाळायचं.

फायलींचा विचार वेगळा करायला नको, तिप्पट म्हणजे तिप्पट. निवड करताना तीन-तीनचे गट लावत बसणं मात्र मला फाइलच्या आकारापेक्षा जास्त जड गेलं. वेगवेगळ्या गटांतल्या दोन फ्रेम एकत्र गेल्या की तासभर मागं जावं लागतं.

तुमचा कॅमेरा बराच जुना असेल आणि सावल्या उचलताच रंग जांभळट होत असतील, तर ब्रॅकेटिंगकडे कल ठेवणं कदाचित शहाणपणाचं ठरेल. सभागृह, प्रयोगशाळा, रिकामे जिने इथं तर मीही अजून ट्रायपॉडच लावतो. हवं तर बाहेरही सवयीनं तीन फ्रेम काढून ठेवा, त्यातली एक कमी एक्स्पोजरची असतेच. मी ते करून पाहिलं. मर्ज न करता तीच एक फ्रेम उचलून वापरायची वेळ इतक्यांदा आली, की हळूहळू बाकीच्या दोन काढणं सुटलं. ग्रंथालयाचा फोटो दुसऱ्या खेपेला तसाच, एका फ्रेममध्ये घेतला. कमानीच्या कोपऱ्यात जवळून पाहिलं तर दाणे आहेत. पायरीवरच्या मुलाच्या बुटाची सुटलेली लेसही स्पष्ट आहे.