थरच्या उन्हात पोर्ट्रेट: आरसा न्यावा की छत्री?

जैसलमेरला निघालेल्या फोटोग्राफर मंडळींचं हल्ली एका बाबतीत एकमत दिसतं: वाळूवर नुसता माणूस उभा करून भागत नाही, त्याच्या हाताशी काहीतरी हवं. चर्चा फिरून फिरून दोनच गोष्टींवर येते. एक, लाकडी चौकटीचा मोठा आरसा. दुसरी, वाकड्या मुठीची आपली पावसाळ्यातली काळी छत्री. मी दोन्ही नेऊन पाहिल्यात. कोणती न्यावी हे शेवटी ज्याच्या-त्याच्या फोटोवर आहे, पण माझा कल कुठे आहे ते काही लपून राहणार नाही.

सूर्यास्ताआधीचा अर्धा तासच वापरणार असाल तर हा प्रश्नच उरत नाही. तेव्हा काहीही धरा, बरंच दिसतं. अडचण आहे ती सकाळी दहा ते दुपारी चारची. जैसलमेरजवळच्या सम या गावच्या वाळूच्या टेकड्यांवर संध्याकाळी जीप, उंट आणि पर्यटक यांची इतकी झुंबड असते की रिकामी वाळू हवी असेल तर नाइलाजाने उन्हातच जावं लागतं. माघ पौर्णिमेच्या सुमारास मरु महोत्सव असतो, तेव्हा तर बघायलाच नको.

उन्हाचंही थोडं बघून ठेवा. जूनमध्ये तिथला सूर्य माध्यान्हीला जवळजवळ डोक्यावर, ८६ अंशांवर असतो; डिसेंबरच्या अखेरीस तो जेमतेम ४० अंशांपर्यंत चढतो. म्हणजे हिवाळ्यात भर दुपारीही ऊन तिरपंच. आणि घड्याळातले बारा म्हणजे माध्यान्ह, असं धरू नका. जैसलमेर इतकं पश्चिमेला आहे की तिथे सूर्य माथ्यावर यायला पाऊण वाजत येतो. पुढचं सगळं हिवाळा धरून लिहितोय. मे-जूनमध्ये कुणाला उन्हात उभं करून फोटो काढावा, असं मला वाटत नाही.

आरशाची बाजू आधी मांडतो, कारण ती दमदार आहे. आरशातला फोटो लोक थांबून बघतात. वाळूत रोवलेली चौकट, तिच्यात एक चेहरा आणि बाहेर चहूकडे काहीच नाही, हे छत्रीला जमणार नाही. शिवाय कडक ऊन आरशाच्या कामी येतं. प्रतिमेवर फोकस लावायचा तर तो काचेवर नाही, कॅमेरा ते आरसा आणि आरसा ते चेहरा या दोन अंतरांच्या बेरजेवर लागतो. चौकट आणि चेहरा दोन्ही स्पष्ट हवे असतील तर लेन्सचं छिद्र, म्हणजे उजेड आत येण्याची वाट, बरंच लहान करावं लागतं. एरवी त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, वाढवावा लागला असता. इथे आयएसओ १०० ला एफ ११ इतकं लहान छिद्र आणि १/२५० सेकंदाचं शटर सहज मिळतं.

एक गंमत मात्र आधीच समजावून सांगावी लागते. आरशात तुम्हाला समोरच्याचे डोळे दिसत असतील, तर त्याला तिथे तुमची लेन्स दिसत असते, स्वतःचा चेहरा नाही. तो स्वतःला बघायला लागला की फोटोत नजर भलतीकडेच जाते. उंटवाल्यांना ‘शीशे में कॅमेरा ढूंढिए’ म्हटलं की ते लगेच पकडतात. आपल्याच गटातल्या हौशी मॉडेलांना केस सारखे करायचा मोह काही सुटत नाही.

वाळूचा त्रास आहेच. थरची वाळू मुख्यतः क्वार्ट्‌झची, काचेपेक्षा कठीण. कोरड्या फडक्याने पुसलंत की चरे पडलेच. हवेने धूळ उडवणारा ब्लोअर ठेवा, मऊ ब्रश ठेवा, भागतं.

माझं घोडं अडलं ते डोळ्यांवर. आरशात चेहरा उजळ हवा तर त्याच्यावर उजेड हवा. माणसाला सूर्याकडे तोंड करून उभं केलं तर ऊन थेट डोळ्यांत. फिरवून सूर्य त्याच्या खांद्यामागे घेतला तर समोरचा आरसा सूर्यासमोर येतो, आणि कोन जरा जुळला की तेच ऊन त्याच्या तोंडावर परत फेकतो. सपाट आरसा उन्हाला मऊ करत नाही, त्यामुळे समोर दुसरा सूर्यच उगवतो. भुवया आक्रसतात, डोळ्यांच्या फटी होतात, कपाळावर आठ्या. ‘डोळे मिटा, तीन म्हटलं की उघडा’ ही जुनी युक्ती दोन-तीन फ्रेमपुरती चालते. मग डोळ्यांना पाणी सुटतं आणि समोरचा माणूस मनातून निघून जातो. शरीर तिथेच असतं, पण पोर्ट्रेट संपलेलं असतं. मधला एखादा कोन असतो, ज्यात चेहऱ्यावर बाजूने ऊन येतं आणि डोळे वाचतात. तो शोधता येतो, नाही असं नाही. पण आरसा हाताने एक अंश हलला की कवडसा दोन अंश सरकतो, आणि तो सरकत सरकत कधी शेजारच्या उंटाच्या डोळ्यांवर जातो.

छत्रीखाली नेमकं याच्या उलट घडतं. सूर्य माणसाच्या मागे घ्या आणि छत्री खांद्यावर टेकवून मागे कलती धरायला सांगा. हिवाळ्यातला तिरपा सूर्य तिच्या कापडाआड जातो. चेहरा सावलीत येतो, पण ती सावली काळवंडलेली नसते, कारण समोरची उन्हात तापलेली वाळू खालून आणि पुढून उजेड देत राहते, किंचित पिवळसर, ऊबदार. हनुवटीखालचा अंधार आपोआप भरून निघतो. मुख्य म्हणजे कपाळ सैल होतं. मी तरी माणसं छत्रीखाली आल्या आल्या श्वास सोडताना पाहिली आहेत. ती गप्पा मारायला लागतात, आणि हातांना काम मिळालेलं असतं.

वर चेहऱ्यामागे काळं कापड येतं, हा बोनस. मागची वाळू कितीही पेटलेली असो, चेहऱ्याची कड काळ्यावर सुटी दिसते. सूर्य लेन्समध्ये शिरत नाही. थेट उन्हात आयएसओ १०० ला एफ २ इतकं मोठं छिद्र वापरायचं तर शटर १/८००० पर्यंत न्यावं लागतं, आणि ते सगळ्या कॅमेऱ्यांत नसतं; छत्रीच्या सावलीत दोन-तीन स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) उजेड कमी होतो आणि जुनी ५० मिमी लेन्सही पूर्ण उघड्या छिद्राने वापरता येते. एक्सपोजर चेहऱ्यावर ठेवा, दूरची वाळू फोटोत थोडी पांढरी पडली तर पडू द्या.

छत्रीचे दोष? वारा. टेकडीच्या माथ्यावर ती उलटी होते, म्हणून मी उताराच्या आडोशाला उभं करतो. लाल छत्री मोहात पाडते, पण उन्हात तिचा रंग गालांवर उतरतो. आतून चंदेरी लेप असलेलीही नको, मागचा काळेपणा जातो. आणि खरं सांगायचं तर छत्रीचा फोटो आरशाइतका चमकदार नाही. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पावसाळी छत्री ही गंमत आहे, पण ती बघणाऱ्याला हळूहळू कळते. पोस्टरसाठी किंवा कपड्यांच्या जाहिरातीसाठी फोटो हवा असेल, चेहरा दुय्यम असेल, सोबत आरसा धरायला एक जादा माणूस असेल, तर आरसाच न्या. मी आडवा येणार नाही. गर्दीचं प्रतिबिंब नको असेल तर समऐवजी खुरी गावच्या टेकड्यांवर जा, तिथे तुलनेने शांत असतं.

मला चेहरा हवा असतो, म्हणून माझ्या बॅगेला बाहेरून छत्री बांधलेली असते. आरसा घ्यायचाच झाला तर जैसलमेरच्या बाजारातच घ्या, काच सांभाळत प्रवास करण्यात अर्थ नाही. छत्री मात्र घरूनच न्या, लाकडी दांड्याची. स्टीलचा दांडा फ्रेममध्ये चमकतो. जुनी असेल तर निघण्याआधी उघडून उन्हात धरून बघा. कापडात टाचणीएवढी जरी भोकं असली तरी त्यांतून चेहऱ्यावर उन्हाचे गोल ठिपके पडतात, आणि ते एकेक करून एडिटिंगमध्ये पुसताना जीव जातो.