जबड्याचं बोटॉक्स, पाच महिन्यांनंतर: विकतचं छान, फुकटचं वाकडं

मी झोपेत दात खाते. दोन वर्षांत दाढेची कॅप दोनदा फुटली, तेव्हा डेंटिस्टनीच मसेटरमध्ये, म्हणजे जबड्याच्या चावायच्या स्नायूत, बोटॉक्स घ्यायचं सुचवलं. गंगापूर रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये दोन्ही बाजूंना मिळून 50 युनिट घेतली, 15,000 रुपये मोजले. निघताना डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ओठांचे कोपरे झुकलेत, तिथे 2-2 युनिट कॉम्प्लिमेंटरी देऊन टाकते." फुकट म्हटल्यावर मी कशाला नको म्हणतेय!

आठवड्याने भाच्याचा साखरपुडा. फोटोत बघते तर हसताना खालचा ओठ डावीकडे खाली जातोय, उजवीकडे जागचा हलत नाहीये. गप्प बसलं की चेहरा सरळ, हसलं की वाकडा. सासूबाईंना लकवाच वाटला, त्या तेलाची वाटी घेऊन आल्या.

मग मी चेहऱ्याचे स्नायू पाठच केले. तोंडाचा कोपरा खाली ओढतो तो डीएओ, ढिला करायचा होता तो हाच. त्याच्या आतल्या बाजूला, थोडा त्याच्याखाली दडलेला डीएलआय, तो खालचा ओठ खाली खेचतो. सुई हवी कोपऱ्याच्या बाहेर, खाली जबड्याच्या कडेशी. माझी उजवीकडची आत सरकली, डीएलआयच ढिला पडला. आणि याला उतारा नाही. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचणंच बंद होतं, ते आपोआप सुरू होईस्तोवर थांबायचं. तेल चोळून काय होणार?

राग सुईचा नाही, पेन्सिलीचा आहे. मसेटरला मला दात आवळायला लावले, पुढची कड चाचपली, कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली, सगळे टोचे तिच्या खाली आणि कडेपासून मागे. कारण पुढे हसण्याचा स्नायू असतो. फुकटच्या जागी ना रेघ, ना "कोपरे खाली ओढून दाखवा". संमतीपत्रात मात्र बारीक अक्षरांत 'ऑफ-लेबल', म्हणजे मंजुरी नसलेल्या कामासाठी वापर. अमेरिकेत 2002 साली सौंदर्यासाठी मंजुरी मिळाली ती भुवयांमधल्या आठ्यांना, ओठांच्या कोपऱ्यांना नाही. मीही न वाचता सही केली, म्हणा.

तिसऱ्या आठवड्यात लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता. पण मॅडमनी टाळाटाळ केली नाही, चूक कबूल केली. उपाय काय, तर डावा डीएलआयही थोडा ढिला करू, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या! नको म्हटलं. पैसे परत मागितले तर, "त्या टोच्यांचे घेतलेच नव्हते ना."

दहाव्या आठवड्यापासून ओठ हलू लागला, आता पूर्ववत आहे. जबड्याचं काम मात्र चोख झालं. सकाळची डोकेदुखी गेली, कॅप शाबूत. पहिला दीड महिना बाजरीची भाकरी चावताना जबडा दमायचा, चिवडा बंदच होता. मिसळ चालली, पाव रश्श्यात बुडवून.

गेल्या आठवड्यापासून रात्रीची करकर पुन्हा ऐकू येते, असं नवरा सांगतो. त्याच क्लिनिकमध्ये नंबर लावलाय, फक्त मसेटरसाठी. कोपरे झुकलेत तर झुकू देत.